केमोचा पहिला डोस चढण्याआधी : कर्करोग झालेल्या मुलामुलींची प्रजननक्षमता कशी जपावी

माझा मुलगा नववीत असताना त्याच्या मांडीच्या हाडात इविंग सारकोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, निघाला. रिपोर्ट सोमवारी आला, केमो शुक्रवारी सुरू व्हायची होती. मधल्या चार दिवसांत आम्ही रक्तदाते शोधले, सोसायटीतून कर्ज उचललं, शाळेत अर्ज दिला, हृदयाची टूडी इको तपासणी करून घेतली. केस जातील, तोंड येईल, रक्तातल्या पेशींचे काउंट पडतील, हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. पुढे त्याला मूल होईल का, हा विषय कुणी काढला नाही. बुधवारी रात्री एक निवासी डॉक्टर, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची, फाइल भरता भरता माझ्या मिस्टरांना म्हणाली, "काका, याचं सिमेन फ्रीझ केलंत का?" मिस्टरांना प्रश्नच कळला नाही. मला कळला, त्याचं वीर्य गोठवून ठेवलंत का असं ती विचारत होती, आणि पायाखालची जमीन सरकली, कारण हातात एकच दिवस होता.

तो एक दिवस आम्हाला पुरला. मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. तेव्हापासून नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांसोबत मी बसते. मी डॉक्टर नाही. सात वर्षांत डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते. तुमचं मूल आत्ता वॉर्डात असेल तर पहिली पायरी वाचून लगेच उठा, बाकीचं नंतर वाचा.

पहिली पायरी : डॉक्टरांना आजच विचारा

पुढचे प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि राउंडला डॉक्टर आले की वाचून दाखवा. "डॉक्टर, या प्रोटोकॉलमुळे, म्हणजे ठरलेल्या औषधोपचारामुळे, पुढे मूल होण्यावर किती परिणाम होईल, कमी, मध्यम की जास्त? पहिला डोस किती दिवस थांबू शकतो? तेवढ्या वेळात काय करता येईल? त्यासाठी कुणाकडे जायचं?"

डॉक्टर स्वतः विषय काढतील म्हणून थांबू नका. त्यांच्या डोक्यात मुलाचा जीव वाचवणं असतं, ओपीडीत शंभर माणसं असतात. पण मी पाहिलंय, विचारलं की बहुतेक डॉक्टर मनापासून सांगतात, स्वतः फोन लावून देतात. मोठ्या डॉक्टरांची गाठ पडत नसेल तर निवासी डॉक्टर, वॉर्डातल्या सिस्टर किंवा वैद्यकीय समाजसेवक, यांपैकी कुणालाही धरा.

घाई एवढ्यासाठी की हे सारं पहिल्या डोसआधी झालेलं सगळ्यात चांगलं. केमो सुरू झाल्यावर तयार होणाऱ्या शुक्राणूंमधल्या जनुकांना इजा झालेली असू शकते, म्हणून तेव्हा साठवायला डॉक्टर सहसा तयार होत नाहीत.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते. काही मुलांना थांबायला वेळच नसतो. रक्ताचा कर्करोग जोरात असेल, श्वासनलिकेवर गाठ दाबत असेल, तर डॉक्टर म्हणतील की आज रात्रीच सुरू करायचं. तेव्हा सुरू करा. आधी लेकरू जगलं पाहिजे. त्या निर्णयाचा सल आयुष्यभर मनात बाळगू नका.

दुसरी पायरी : धोका किती आहे ते समजून घ्या

प्रत्येक केमो सारखी नसते. प्रोटोकॉलच्या कागदावर औषधांची नावं असतात, ती वाचा. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, बुसल्फान, मेल्फालान, प्रोकार्बाझिन या गटातली औषधं वृषण आणि अंडाशयांना सगळ्यात जास्त मारक असतात आणि एकूण डोस जेवढा मोठा तेवढा धोका वाढतो. सिसप्लॅटिन मधलं. व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट यांचा धोका कमी. म्हणून रक्ताचा कर्करोग असलेल्या, पण डॉक्टर ज्याला 'स्टँडर्ड रिस्क' म्हणतात त्या सौम्य गटातल्या मुलाला मोठं झाल्यावर बहुधा अडचण येत नाही. इविंगच्या मुलाला येऊ शकते, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटला निघालेल्या मुलाला धोका बराच जास्त असतो.

रेडिएशनचं गणित वेगळं. किरणं कुठे देणार हे विचारा. ओटीपोट, कंबर, वृषण किंवा पूर्ण शरीर असेल तर काळजीचं. अंडाशयातली निम्मी बीजं संपायला २ ग्रेपेक्षाही (ग्रे म्हणजे किरणं मोजायचं माप) कमी किरणं पुरतात, आणि ट्रान्सप्लांटआधी पूर्ण शरीराला बऱ्याचदा १२ ग्रे देतात. मुलीच्या ओटीपोटाला किरणं दिली तर गर्भाशयाची वाढही खुंटू शकते. तेव्हा बीजं साठवली तरी गर्भ धरून ठेवण्याचा प्रश्न उरतो, आणि डॉक्टरांशी बोलताना तो वेगळा विचारायला हवा. मेंदूला जास्त किरणं दिली तर वृषण-अंडाशय शाबूत राहूनही त्यांना हुकूम देणारी मेंदूतली ग्रंथी कमकुवत होते. त्यावर पुढे हार्मोनची औषधं चालतात.

तिसरी पायरी, मुलगा वयात आलेला असेल तर

ही सगळ्यात सोपी वाट आहे. आणि संकोचापायी सगळ्यात जास्त वाया जाणारीही हीच, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी शुक्राणू तयार व्हायला लागतात. वयापेक्षा शरीराची वाढ महत्त्वाची. वृषणांचा आकार आणि केसांची वाढ पाहून डॉक्टर अंदाज सांगतात. "अजून लहान आहे हो तो," असं आईने ठरवू नये. मीही तेच म्हणाले होते.

नमुना मुलगा स्वतः हस्तमैथुनातून देतो. हे त्याला कोण सांगणार, यावर आमच्या घरात अर्धा तास गेला. शेवटी त्या निवासी डॉक्टरने तिच्या एका पुरुष सहकाऱ्याला बोलावलं. त्याने आम्हा दोघांना बाहेर पाठवलं, मुलाशी दहा मिनिटं सरळ भाषेत बोलला, आणि काम झालं. तुम्हीही असंच करा. आईवडील समोर असले की मुलगा 'नको' म्हणून मोकळा होतो. डॉक्टर किंवा समुपदेशक एकट्याशी बोलला की बहुतेक मुलं ऐकतात, समजून घेतात.

आधी एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, सी यांच्या रक्ताच्या तपासण्या लागतात. कर्करोगाच्या कामासाठी त्या बहुतेकदा झालेल्याच असतात, रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा. दोन-तीन दिवसांचं अंतर राखून दोन-तीन नमुने दिले तर उत्तम, वेळ नसेल तर एकही चालेल. डबी केंद्राचीच वापरायची. साबण, तेल, लाळ काही लागू द्यायचं नाही. वॉर्डातून किंवा घरून न्यायचं असेल तर डबी खिशात, अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात पोहोचवायची. डबीवर नाव आणि वेळ लिहिली आहे ना, हे दोनदा बघा.

आमच्या वेळी ती खोली म्हणजे एक प्लॅस्टिकची खुर्ची, बेसिन, आतून कडी आणि भगभगीत ट्यूबलाइट. तो वीसेक मिनिटांनी बाहेर आला, डबी काउंटरवर ठेवली, कुणाकडेही न बघता म्हणाला, "आई, भूक लागलीय." आम्ही खाली जाऊन वडापाव खाल्ला. त्या विषयावर एक शब्द बोललो नाही, आणि तेच बरं झालं. नंतर मिस्टरांना टाकी दाखवली. झाकण उघडल्यावर पांढरी वाफ फरशीपर्यंत उतरली. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश.

मुलगा आजारी असल्याने संख्या कमी निघू शकते. त्याने खचू नका. आता एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडण्याचं तंत्र आहे, त्यामुळे थोडेही कामाचे ठरतात. नमुना देणं जमलंच नाही तर भूल देऊन सौम्य विद्युत उत्तेजनाने किंवा वृषणातून छोट्या शस्त्रक्रियेने शुक्राणू काढता येतात. पोर्ट, म्हणजे केमो देण्यासाठी छातीत कातडीखाली ठेवायची डबी, बसवायला भूल द्यायचीच असेल तर त्याच वेळी हे होईल का, हे नक्की विचारा.

एवढी वर्षं ठेवून ते टिकतं का, हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. इंग्लंडात मँचेस्टरला एका मुलाने सतराव्या वर्षी, वृषणाच्या कर्करोगाच्या उपचाराआधी, वीर्य साठवलं होतं. २१ वर्षांनी त्यातून त्याला मुलगा झाला. २००४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली.

मुलगा वयात आलेला नसेल तर

इथे हातात फार थोडं आहे, आणि हे स्पष्टच सांगायला हवं. लहान मुलाच्या वृषणात शुक्राणू नसतात, पुढे शुक्राणू घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. वृषणाचा छोटा तुकडा काढून गोठवता येतो, पण हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा गोठवलेल्या ऊतकापासून माकडाचं एक निरोगी पिल्लू जन्मलं. माणसात नियमित उपचार म्हणून हे अजून आलेलं नाही. धोका फार मोठा असेल आणि तुमच्या केंद्रात अशा अभ्यासाची सोय असेल तरच विचार करा. याच्या नावाखाली कुणी खात्री देऊन पैसे मागत असेल तर देऊ नका. रेडिएशन देणार असतील तर वृषणांवर शिशाचं आवरण ठेवता येईल का, एवढं मात्र प्रत्येकाने विचारावं.

चौथी पायरी : मुलगी असेल तर

मुलगी जन्माला येते तीच आपली सगळी बीजं घेऊन, १० ते २० लाख. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. नवीन तयार होत नाहीत. म्हणून केमोने जे जातं ते परत येत नाही.

पाळी सुरू झालेली असेल आणि १० ते १४ दिवस हातात असतील तर स्त्रीबीजं गोठवता येतात. रोज पोटावर बारीक सुईची इंजेक्शनं, मधूनमधून सोनोग्राफी, शेवटी भूल देऊन बीजं बाहेर. आता पाळीची तारीख बघत बसावं लागत नाही, महिन्यात कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. मुलीच्या कौमार्याला धक्का लागेल, ही आयांना एक भीती असते आणि ती ओठावर येत नाही, म्हणून मीच लिहिते. सोनोग्राफी पोटावरून होते, बीजंही पोटावरून काढता येतात. योनिमार्गातूनच करायचं म्हणत असतील तर का ते विचारा, दुसरा मार्ग विचारा, आणि मुलीला समजावून तिचा होकार घेतल्याशिवाय काही करू देऊ नका. प्लेटलेट फार कमी असतील किंवा ताप असेल तर ही वाट बंद होते. रक्ताच्या कर्करोगात बहुतेक वेळा एवढे दिवसच नसतात.

पाळी आलेली नसेल किंवा दिवस नसतील, तर अंडाशयाचं ऊतक गोठवणं हा पर्याय आहे. दुर्बिणीने एक अंडाशय किंवा त्याच्या वरच्या थराचा तुकडा काढतात. दिवसभराचं काम, पोर्टच्या भुलेतच होऊ शकतं. पुढे मुलगी मोठी झाली, तिला मूल हवं झालं, की तो तुकडा पुन्हा शरीरात बसवतात आणि काही महिन्यांत तो काम करू लागतो. असं पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. २०१६ मध्ये लंडनमध्ये एका तरुणीला मुलगा झाला. तिचं ऊतक ती नऊ वर्षांची असताना, थॅलेसेमियासाठी ट्रान्सप्लांट करण्याआधी, लीड्समध्ये गोठवलं होतं. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यकाच्या संस्थेने २०१९ मध्ये या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' शिक्का काढला. आपल्याकडे ही सोय मोजक्या केंद्रांत आहे, म्हणून चौकशीला वेळ लागतो. रक्ताच्या कर्करोगात एक मोठी अडचण आहे. त्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी लपलेल्या असू शकतात आणि परत बसवताना त्या शरीरात जाण्याची भीती असते. म्हणून काही वेळा पहिली केमो होऊन रोग आटोक्यात आल्यावर, ट्रान्सप्लांटआधी, ऊतक काढतात.

ओटीपोटाला किरणं देणार असतील तर अंडाशयं शस्त्रक्रियेने किरणांच्या वाटेतून बाजूला, वर सरकवून ठेवता येतात. रेडिएशनच्या आखणीच्या दिवशी नव्हे, त्याच्या आधी विचारा.

दर महिन्याचं एक इंजेक्शनही असतं, अंडाशयांना 'झोपवणारं'. केमोत जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून ते उपयोगी आहे. पण त्याने बीजं वाचतात याची लहान मुलींत खात्री नाही. ते घेतलं म्हणून बाकीचं सोडू नका.

आमच्या शेजारच्या कॉटवर अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आजीचं एकच पालुपद, "हिचं लग्न कसं व्हायचं?" सगळी चर्चा लग्नाभोवती फिरत होती आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. त्या आजीला मी हात धरून कॅन्टीनला नेलं. तुमच्याही घरात कुणी असं असेल तर त्यांना प्रेमाने बाहेर न्या. निर्णय आईवडील, मुलगी आणि डॉक्टर यांच्यात होऊ द्या.

पाचवी पायरी : मुलाशी बोला

चौदा वर्षांच्या मुलाची सही कायद्याने चालत नाही, सही तुमची. पण त्याचा होकार हवाच. दहा वर्षांच्या मुलीला एवढं सांगितलं तरी पुरतं : "औषध जोराचं आहे, पोटातल्या बाळाच्या बिया खराब करू शकतं. म्हणून थोड्या बिया बर्फात जपून ठेवायच्या. मोठी झालीस की वापरायच्या की नाही, ते तू ठरव." या बोलण्यातून आणखी एक गोष्ट मुलांपर्यंत पोहोचते. तू मोठा होणार आहेस, असं आईवडील धरून चाललेत. माझ्या मुलाने हे मला पुढे तीन वर्षांनी सांगितलं.

सहावी पायरी : फॉर्म आणि पैसा

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली केंद्राची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. या कायद्यात दात्याचं बीज आणि भ्रूण १० वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. तुमचं मूल दाता नाही, ते स्वतःसाठी ठेवतंय, हे फॉर्मवर ठळक लिहून घ्या. आणि साठवण किती वर्षं करणार, हेही लेखी घ्या. उपचार घ्यायला याच कायद्याने वय २१ च्या वर लागतं, म्हणजे चौदाव्या वर्षी ठेवलेलं निदान सात वर्षं तरी राहायलाच हवं.

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना असतो, तो भरताना हात थरथरतो. मूल राहिलं नाही तर काय करायचं? तो मोकळा सोडू नका. दिल्लीत एका अविवाहित तरुणाने केमोआधी वीर्य साठवलं आणि तो २०२० मध्ये गेला. आईवडिलांनी मागितलं तेव्हा मिळालं नाही. कोर्टात जावं लागलं, आणि ४ ऑक्टोबर २०२४ ला उच्च न्यायालयाने ते त्यांना द्यायला सांगितलं. मधली वर्षं त्या दोघांनी कशी काढली असतील, याचा विचार करून मी सगळ्यांना तो रकाना भरायला लावते.

पैशाचं म्हणाल तर मुलग्याचं वीर्य साठवणं सगळ्यात स्वस्त. बीजं गोठवण्यात इंजेक्शनांचा खर्च मोठा, आणि ऊतकाला शस्त्रक्रियेचा. वर दरवर्षी साठवणीचं भाडं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात हे धरलेलं असेल असं गृहीत धरू नका. समाजसेवकांना विचारा, काही केंद्रं कर्करोगाच्या मुलांना सवलत देतात, काही ट्रस्ट मदत करतात. मुंबईत टाटा मेमोरियलला असाल तर तिथल्याच, कर्करोगाच्या मुलांना मदत करणाऱ्या इम्पॅक्ट फाउंडेशनकडे चौकशी करा. राहण्याची ओढाताण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि सेंट ज्यूड्सची घरं आहेत. तिथे वाचलेला पैसा इकडे वापरता येतो.

भाड्याची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. आमचं एका वर्षी राहून गेलं. मी मोबाइल नंबर बदलला होता, केंद्राला कळवला नव्हता, त्यांचा आठवण करून देणारा निरोप आला तो जुन्या नंबरवर. पाच महिने उशिरा लक्षात आलं. तिथे फोन लावताना मला घाम फुटला होता. नमुना सुरक्षित होता. तुम्ही दोघांचे नंबर द्या, घरातल्या तिसऱ्या कुणाचाही द्या, आणि पावतीचा फोटो मेलवर ठेवा.

सातवी पायरी : उपचार संपल्यावर

मुलाला मिसरूड फुटली, आवाज फुटला, की घरचे निश्चिंत होतात. पण पुरुषी हार्मोन तयार करणाऱ्या पेशी चिवट असतात, शुक्राणूंच्या नाजूक. त्यामुळे मुलगा वरून अगदी ठीक दिसूनही शुक्राणू शून्य असू शकतात. केमो संपून दोनेक वर्षं झाली आणि त्याची तयारी असली की वीर्यतपासणी करावी. काहींमध्ये शुक्राणू उशिरा परततात. मुलींचं उलट होऊ शकतं. पाळी नियमित येते, पण बीजांचा साठा लवकर संपतो आणि तिशीच्या आत-बाहेर पाळी थांबते. म्हणून बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच, एफएसएच या हार्मोनच्या रक्ततपासण्या वेळोवेळी करा, आणि बीजं गोठवण्याचा विचार उपचारानंतरही खुला ठेवा. मुलीच्या छातीची वाढ तेराव्या वर्षापर्यंत किंवा मुलाच्या वृषणांची वाढ चौदाव्यापर्यंत सुरू झाली नाही, तर हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा.

टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१ पासून आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्या मुलामुलींचा गट आहे. मुलाला आईशी जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं.

बऱ्या झालेल्यांची मुलं अधू जन्मतात, हा समज चुकीचा आहे. आनुवंशिक कर्करोग सोडला तर त्यांच्या मुलांना जन्मजात व्यंगाचा धोका इतरांएवढाच असतो. स्थळ बघताना लपवालपवी करायची का, हे तुमच्या घराने ठरवायचं. माझं मत, लपवू नये, आणि सांगायचं असेल तर ते मुलाने किंवा मुलीने स्वतः सांगावं.

अठरा पूर्ण झाल्यावर केंद्रात जाऊन साठवण मुलाच्या नावावर करून घ्या. ओळखपत्र लागतं, नवीन संमतिपत्र भरावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा त्याने तो रकाना, राहिलो नाही तर काय, स्वतः वाचला आणि स्वतः भरला. मला दाखवला नाही. मीही विचारलं नाही. संपर्काच्या जागी त्याने माझा नंबर खोडला आणि आपला लिहिला.